शीतगृहातली सरळ रेघ

“रिकामी जागा दिसली की भरायची घाई करू नका. ती का रिकामी आहे, हे आधी जाऊन बघा.”

मास्तरीणबाईंचा हा आवाज भाऊजींच्या कानात सकाळपासून घोळत होता. आवाज मऊ, पण टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा नेमका. तो आता पुन्हा ऐकू येणार नव्हता. मास्तरीणबाई औषधांच्या शीतगृहात गोठून मेल्या होत्या, आणि भाऊजींच्या पुढ्यातला चहा केव्हाच निवून गेला होता.

भिंतीवरच्या खिळ्याला मास्तरीणबाईंच्या वर्गाची किल्ली टांगलेली होती. वर्ग म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिथे मोठी माणसं कॉम्प्युटरची स्क्रिप्ट लिहायला शिकत. भाऊजी निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांच्या आधी जाऊन बसत. एकदा मास्तरीणबाईंनी किल्लीच त्यांच्या हातावर ठेवली होती.

“कधी मला यायला जमलं नाही, तर दार तुम्ही उघडा. दार बंद दिसलं की नवशिका माणूस परत येत नाही. शब्द द्या.”

भाऊजींनी हसत हसत शब्द दिला होता. हसण्यावारी दिलेले शब्दच पुढे जड जातात.

दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

“गुप्तहेर बाई इथंच राहतात ना? मी शीतगृहातल्या मेस्त्रीची बायको.”

खिडकीपाशी वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि नुसत्या हाताने खुर्ची दाखवली.

“त्यांचं सकाळचं मौन असतं,” भाऊजी हळूच म्हणाले. “तुम्ही बोला. कान उघडे आहेत त्यांचे, आणि माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

थोरला भाऊ गेल्यावर त्याचं तपासाचं काम वहिनींनी पुढे चालवलं, त्याला बरीच वर्षं झाली. भाऊजी कागद सांभाळत, पायपीट करत आणि वहिनींची बोलणी खात. तिन्ही कामं ते मनापासून करत.

बाई खुर्चीच्या कडेवर टेकली. “काल माझ्या माणसाला धरून नेलं. म्हणतात, यानेच मास्तरीणबाईंना कोंडलं. अहो, तो त्यांच्याकडे शिकायला जायचा! वहीला कव्हर घालून जायचा, शाळेतल्या पोरासारखा. त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत तो घरी होता. मीच त्याला पीठ मळायला बसवलं होतं. फौजदारांना सांगितलं तर म्हणाले, बायको दुसरं काय सांगणार? यंत्राचा कागद खोटं बोलत नाही.”

“कुठला कागद?” भाऊजींनी विचारलं.

“त्या थंड खोलीचा. कागद म्हणतो, दिवे लागून गेल्यावरही खोलीचं दार किती तरी वेळ उघडं होतं, म्हणजे हा आत होता. मग मला सांगा, माझ्या घरात पीठ कोण मळत होतं? भूत?”

ती हसायला गेली आणि तिचं तोंडच वाकडं झालं. “परवा त्याला कोर्टापुढे उभं करणार आहेत. एकदा खुनाचा शिक्का बसला की मेस्त्रीला कोण सोडवतं हो? मला आणि दोन लेकरांना तोच एक आहे.”

घड्याळाचे टोले पडले. वहिनींनी हात जोडले, सोडले, आणि त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

“कणीक सैल झाली होती का?”

बाई गोंधळली. “हो. त्याला पाण्याचा अंदाज नाही.”

“उठा भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “ही खरं बोलतेय. खोटी साक्ष देणारी बाई नवऱ्याची कणीक सैल करत नाही.”

*

वाटेत वहिनींनी विचारलं, “ही तुमची स्क्रिप्ट म्हणजे नेमकं काय? मला कळेल असं सांगा.”

“यंत्राला लिहून दिलेल्या सूचना. एकदा लिहिल्या की ते काम रोज आपोआप होतं. शीतगृहातल्या खोलीत एक डबी टांगलेली आहे. ती थोड्या थोड्या वेळाने थंडी मोजते. आकडे तारेने बाहेर कॉम्प्युटरवर जातात. स्क्रिप्ट ते गोळा करते, आलेख काढते आणि रोज पहाटे मुख्य कचेरीला पाठवते. माणूस झोपलेला असतो. यंत्र अक्कल चालवत नाही, सांगितलं तेवढं करतं.”

“म्हणजे तुमच्यासारखंच.”

“मी निदान चहा तरी करतो,” भाऊजी म्हणाले.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी आलेख टेबलावर पसरला. खोलीची थंडी दिवसभर उणे विसाच्या आसपास. संध्याकाळी रेघ एकदम वर चढली, उणे चौदापर्यंत. तिथून ती तशीच पुढे गेली, फूटपट्टीने ओढल्यासारखी. बऱ्याच वेळाने खाली उतरली आणि सकाळपर्यंत पुन्हा चढली नाही.

“दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि रेघ चढते,” फौजदार म्हणाले. “मेस्त्री कबूल करतो की दार त्याने उघडलं. म्हणतो, चहा पिण्याइतकाच वेळ होतो. इथे बघा, तासाच्या वर आहे! आणि नंतर रात्रभर दार उघडलेलंच नाही. मग बाई आत शिरल्या कधी? तो असतानाच. आतून दार उघडायची मूठ असते, तिची खीळ गायब आहे. मूठ दुरुस्त ठेवायचं काम कोणाचं? त्याचंच.”

“खिळीचा तुकडा आत सापडला?”

“नाही.”

“बाई आतून ओढत असताना ती तुटली असती, तर तुकडा आत पडला असता,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे खीळ कुणी तरी आधीच काढून नेली. हा अपघात नाही, एवढं तुमचंही बरोबर आहे. मेस्त्रीला भेटू द्याल?”

मेस्त्री गजांमागे उकिडवा बसला होता. हात मोठे, नखांत तेल. भाऊजींना बघून तो उठला.

“भाऊजी, गेल्या खेपेचा गृहपाठ राहिला हो माझा.”

वहिनींनी विचारलं, “त्या दिवशी काय केलंत?”

“संध्याकाळी आत गेलो, पंख्यावरचं बर्फ खरवडलं. ते करताना दार उघडंच ठेवतो. मूठसुद्धा हलवून बघितली, खीळ जागेवर होती. मग दार लावलं आणि घरी गेलो. मास्तरीणबाई मला दिसल्याही नाहीत.”

“त्या आत कशाला गेल्या असतील?”

“तेच कळत नाही. फौजदार म्हणतात मला भेटायला. मला कशाला भेटतील? वर्गात भेटायचोच की.”

वहिनींनी त्याला आलेख दाखवला. मेस्त्रीने तो गजांतून घेतला, उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ही आमची खोली नव्हे.”

“फौजदार म्हणतात, आहे.”

“बाई, थंडी करणारं यंत्र श्वास घेतं. चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. दार बंद असो, उघडं असो, रेघ थोडी वर थोडी खाली व्हायलाच हवी. एवढा वेळ सरळ रेघ? मेलेल्या माणसाची नाडी जशी!”

परतताना वहिनी एकच म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या वर्गात रिकाम्या जागेचा धडा झाला होता ना? कोणाला काय आलं होतं?”

भाऊजींनी डोकं खाजवलं. “कधी कधी डबीकडून आकडा येतच नाही. फाईलमध्ये तिथे रिकामी जागा राहते. स्क्रिप्टने त्या जागेचं काय करायचं, हे ज्याने त्याने लिहून आणायचं होतं. माझी स्क्रिप्ट रिकामी जागा आली की आडवीच होते. मेस्त्रीची तिथे रेघ तोडते, मोकळं भोक ठेवते. मास्तरीणबाईंनी त्याचीच पाठ थोपटली होती. तपासनीसबाईंनी दिवसाची सरासरी भरली होती. आणि मॅनेजरने मागचाच आकडा पुढे ओढला होता.”

“हे तपासनीस आणि मॅनेजर दोघेही शीतगृहातलेच?”

“हो. तिघांनी मिळूनच नाव घातलं होतं.”

*

तपासनीसबाई शीतगृहाच्या कचेरीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून प्रेत बघणाऱ्या त्याच.

“दाराशीच बसलेल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यांत डोकं घालून. मला वाटलं, रागावून बसल्यात. बोटांची...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मास्तरीणबाई आत कशाला गेल्या असतील, हे वहिनींनी विचारलं, तर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“रोजचा आलेख तुम्ही काढता?”

“माझी स्क्रिप्ट काढते. मी खाली सही करते. खरं सांगू, एकदा चालू झाल्यावर मी ती परत उघडलीच नाही. चालत्या गाडीला कोण हात लावतं?”

“आकडा आला नाही, तर ती काय करते?”

“दिवसाची सरासरी घालते. मीच तसं लिहिलंय.”

“ती बदलता कोणाला येते?”

“पासवर्ड मला आणि मॅनेजर साहेबांना. मेस्त्रीकडे नाही.” त्या थबकल्या. “शेवटच्या वर्गाला मी जुने आलेख दाखवायला नेले होते, मोठ्या दिमाखात. त्यातल्या एका आठवड्याकडे मास्तरीणबाई बघतच राहिल्या. जोडून सुट्या आल्या होत्या तो आठवडा. मी तेव्हा नव्हतेच, मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. त्या म्हणाल्या, ‘ही रेघ इतकी सरळ कशी?’ साहेब हसले. म्हणाले, ‘आमची यंत्रं शिस्तीची आहेत, बाई.’”

भाऊजींना ते आठवलं. ते स्वतःही हसले होते.

आणखी एक आठवलं. त्या दिवशी जिन्यात मास्तरीणबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या होत्या, “उद्या संध्याकाळी ती डबी जिथे टांगली आहे तिथेच जाऊन बघते, भाऊजी. आकडा जिथे जन्मतो, तिथे आपण कधी जातच नाही.” आजूबाजूला कोणी नव्हतं. आपण हे फौजदारांना का सांगितलं नाही? कोणी विचारलं नाही म्हणून. भाऊजींचे कान तापले. त्यांनी ते तिथल्या तिथे वहिनींना सांगितलं.

वहिनी रागावल्या नाहीत. “हे आता पोटात ठेवा,” एवढंच म्हणाल्या.

मग त्या थंड खोलीपाशी गेल्या. जाड पांढरं दार. शेजारी भिंतीतून डबीची तार बाहेर येऊन एका प्लगात शिरलेली. वहिनींनी प्लग बोटाने नुसता हलवला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

“बाहेरूनच निघतो,” त्या स्वतःशी म्हणाल्या आणि प्लग पुन्हा बसवला.

दाराच्या आतल्या बाजूला, मुठीभोवती, बर्फाच्या पातळ थरावर ओरखडे होते. वहिनींनी तिथे तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. भाऊजींनी मान फिरवली.

मॅनेजरची खोली उबदार होती. मॅनेजर गोरागोमटा, बोलका. भिंतीवर कौतुकाची प्रमाणपत्रं एका ओळीत.

“काय सांगू! घरातलं माणूस गेल्यासारखं झालंय. मी त्या दिवशी उजेड असतानाच निघालो, सासऱ्यांकडे जेवायला. उशिरा पोचलो, वाटेत गाडी बंद पडली होती. मेस्त्री तसा बरा माणूस, पण डोकं गरम.”

“शीतगृहाच्या किल्ल्या?”

“आम्हा तिघांकडे.”

“स्क्रिप्ट शिकून फायदा झाला?”

“खूप! मी सगळे धडे नाही केले, वेळ कुठे आहे? पण कामापुरतं आलं.”

“आकडा नसला तर तुम्ही काय करता?”

“मागचा चालवायचा.” तो हसला. “थंडी काय क्षणात पळून जाते? काल होतं तेच आज. भोकं ठेवली तर वरचे साहेब शंभर प्रश्न विचारतात.”

“खरंय,” वहिनी मऊपणे म्हणाल्या. “मला एक कळत नाही. मास्तरीणबाई त्या खोलीत गेल्याच कशाला?”

“डबी बघायला. दुसरं आहे काय तिथे बघण्यासारखं?”

“तुम्हाला म्हणाल्या होत्या?”

“छे! अंदाज आपला.”

वहिनींनी मान डोलावली आणि चहा छान होता म्हणून सांगितलं. चहा त्यांनी घेतलाच नव्हता. हे भाऊजींच्या लक्षात आलं, मॅनेजरच्या नाही.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गाखालच्या सायकलवाल्याचं दुकान अर्धंच उघडं होतं. तो स्टुलावर बसून रिकाम्या हातांकडे बघत होता.

“नात कशी आहे?” भाऊजींनी विचारलं. पोरगी तापाने दवाखान्यात होती.

“डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, ह्या तापाची लस टोचली नव्हती का? टोचली होती हो! मी स्वतः मांडीवर घेऊन बसलो होतो. ह्या भागातली बरीच पोरं अशीच आहेत. टोचून घेतलेली, आणि तरी...”

वहिनी पायरीवर थांबल्या. “लस केव्हा टोचली?”

“त्या जोडून सुट्या झाल्या ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात.”

वहिनींनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले. मग त्या जिना चढू लागल्या.

वर्गात फौजदार बसले होते, बेड्या घातलेला मेस्त्री एका शिपायासोबत, तपासनीसबाई आणि मॅनेजर. मेस्त्रीची बायको दाराशी उभी होती, तीच दोन वेगळी पायताणं घालून. फळ्यावर मास्तरीणबाईंचं शेवटचं अक्षर अजून तसंच होतं. ते पुसायला कोणी धजलं नव्हतं.

“आपण इथे गृहपाठ तपासायला जमलो आहोत,” वहिनी म्हणाल्या. “मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून भाऊजी यंत्र चालवतील. वर्गाच्या कॉम्प्युटरवर तुम्हा चौघांच्या स्क्रिप्ट आहेत, मास्तरीणबाईंनी जपून ठेवलेल्या. आणि तपासनीसबाईंनी आज त्या दिवसाची कच्ची फाईल आणली आहे. डबीने पाठवलेले मूळ आकडे, आलेख होण्याआधीचे.”

“कच्ची फाईल कशाला?” मॅनेजर म्हणाला. “आलेख आहे की.”

“आलेख म्हणजे शिजलेलं अन्न. मला भाजी निवडताना बघायची आहे. भाऊजी, आधी तुमची.”

भाऊजींनी आपली स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि सगळं ठप्प झालं.

“हे नेहमीचंच,” ते ओशाळून म्हणाले.

“पण काय म्हणतेय ती?”

भाऊजींनी चष्मा सावरला. त्यांचा आवाज बदलला. “म्हणतेय, इथे रिकामी जागा आहे. वहिनी, मेस्त्रीने दार उघडल्यावर लगेच आकडे थांबलेत. तासाच्या वर काहीच नाही.”

फौजदार उठून पडद्यापाशी आले. “काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे तेवढा वेळ डबीची तार काढलेली होती. मेस्त्री, तुमची लावतो.”

पडद्यावर आलेख उमटला. रेघ वर चढली, तुटली, बऱ्याच अंतरावर पुन्हा सुरू झाली. मधे स्वच्छ पांढरं भोक.

“आता तपासनीसबाईंची.” रेघ चढली, मग एकदम खाली कोसळून दिवसाच्या सरासरीवर, उणे विसाजवळ, आडवी धावली.

तपासनीसबाईंनी तोंडावर हात ठेवला. “पण मी सही केलेला आलेख असा नव्हता!”

“नव्हता,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, चौथी.”

मॅनेजरची स्क्रिप्ट चालली. रेघ उणे चौदापर्यंत चढली आणि तिथूनच सरळ पुढे गेली. वहिनींनी पोलिसांचा आलेख तिच्या शेजारी धरला. दोन्ही एकमेकांच्या सावल्या असाव्यात तशा होत्या.

खाली सायकलवाल्याच्या हातातून पाना पडल्याचा आवाज झाला.

“रिकामी जागा जो तो आपल्या स्वभावाने भरतो,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी घाबरून बसतात. मेस्त्री नाही ते नाही म्हणतो. तपासनीसबाई सगळ्यांना सारखं वाटून मोकळ्या होतात. आणि एक जण म्हणतो, काही झालंच नाही, काल होतं तेच आज. कचेरीतली स्क्रिप्ट तपासनीसबाईंची होती. तिच्यातली ती ओळ कोणी तरी बदलली. पासवर्ड दोघांकडे.”

“मग तिने बदलली असेल!” मॅनेजर म्हणाला. “माझी ओळ उचलून.”

“केव्हा? सरळ रेघ पहिल्यांदा आली ती जोडून आलेल्या सुट्यांत. त्याच आठवड्याच्या रेघेकडे मास्तरीणबाई बघत राहिल्या होत्या. तपासनीसबाई तेव्हा मुलीच्या उशाशी होत्या. आज आम्ही मुख्य कचेरीत विचारलं. त्या सुट्यांत तुमच्या भागातली वीज गेली होती. तुमचा जनरेटर चालला नाही. लस वितळली. तुम्ही तापलेले आकडे पुसलेत, रिकाम्या जागांवरून मागचा थंड आकडा ओढलात, आणि पेट्या रवाना केल्यात.”

“वितळलेली लस विष नसते!”

“नाही. नुसतं पाणी असतं,” वहिनी म्हणाल्या. “खालच्या दुकानात जाऊन विचारा, पाणी टोचल्यावर काय होतं ते.”

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण तो सावरला. “समजा ओळ मी बदलली. नोकरी जाईल, जाऊ दे. त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतो.”

“मास्तरीणबाई त्या खोलीत कशाला गेल्या, हे मी तिघांना विचारलं. मेस्त्रीला माहीत नव्हतं. तपासनीसबाईंनाही नाही. फौजदारांना वाटत होतं, मेस्त्रीला भेटायला. तुम्ही एका दमात म्हणालात, डबी बघायला. ते त्यांनी जिन्यात एकट्या भाऊजींना सांगितलं होतं. आणि दुसऱ्या एकाला सांगावंच लागलं असणार, कारण त्यांच्याकडे किल्ली नव्हती. दार कोण उघडून देणार होतं? तुम्ही.”

वहिनींनी पोलिसांच्या आलेखावरच्या सरळ रेघेवर बोट ठेवलं. बोट सावकाश पुढे सरकवत त्या बोलल्या.

“मेस्त्री आत बर्फ खरवडत होता. दार उघडं होतं, रेघ चढलेली. तेवढ्यात तुम्ही बाहेरून तार काढलीत, म्हणजे शेवटचा आकडा उघड्या दाराचा राहील आणि स्क्रिप्ट तोच पुढे ओढेल. इथे मेस्त्री दार लावून घरी गेला. तो गेल्यावर तुम्ही मुठीची खीळ काढलीत. इथे मास्तरीणबाई आल्या. त्यांचाच नियम होता, जाऊन बघा म्हणून. तुम्ही त्यांना आत सोडलंत, दार लावलंत. आणि मग इथपासून इथपर्यंत,” बोट रेघेच्या शेवटापर्यंत गेलं, “खोली पुन्हा थंड होईपर्यंत, तुम्ही तारेशेजारी उभे राहिलात. लगेच तार लावली असती तर दार नुकतंच उघडल्याचं दिसलं असतं. आतून दार वाजत होतं. तुम्ही ते ऐकत थांबलात.”

मेस्त्रीच्या बायकोने कानांवर हात ठेवले.

“तार तुम्हाला हवी तेव्हा लावता आली,” वहिनी म्हणाल्या. “एकच राहिलं. तुम्ही कामापुरतं शिकलात. पुढच्या धड्यात मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, भरलेला आकडा कधी डुलत नाही, म्हणून तो ओळखू येतो. त्या दिवशी तुम्ही वर्गाला नव्हतात.”

मॅनेजरने फळ्याकडे बघितलं. मग कोणाशीच नाही असं बोलला. “मी तिला म्हटलं होतं, जुनं आहे, सोडून द्या. ती म्हणाली, ‘आधी बघू तर द्या, कदाचित डबीच बिघडली असेल.’ माझ्यावर संशयसुद्धा नव्हता तिचा. स्वेटर घालून आली होती. म्हणाली, जरा वेळच लागेल.”

फौजदारांनी मेस्त्रीच्या हातातली बेडी काढली. तीच पुढे केली.

*

उरलेल्या पेट्या परत मागवल्या गेल्या. सायकलवाल्याची नात त्याच आठवड्यात गेली. तिच्या आधी आणि नंतरही काही मुलं गेली. वर्तमानपत्रांनी आकडे छापले, रोज वेगवेगळे. वहिनींनी सकाळचं मौन तेवढे दिवस दुपारपर्यंत वाढवलं.

मेस्त्रीची बायको येऊन गेली. या वेळी चपला जोडीच्या होत्या. फी विचारली तर वहिनी म्हणाल्या, “नवऱ्याला पाण्याचा अंदाज शिकवा. एवढं करा.”

वर्गाचा वार आला. दुपार कलली तसे भाऊजी उठले, कपडे बदलले. टेबलावर त्यांची स्क्रिप्ट छापून ठेवली होती. रिकाम्या जागेवर ती अजून अडखळत होती. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. शेजारी खडूची नवी पेटी होती, ती घेतली.

“कुठे निघालात?” वहिनींनी खिडकीपाशी बसून विचारलं. “तुम्हाला स्वतःला येत नाही, आणि शिकवणार काय?”

“शिकवणार नाही. दार उघडून बसणार.”

वहिनी उठल्या. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

भाऊजी जिना उतरले. वर्गाला अजून बराच अवकाश होता. तरी ते भरभर चालू लागले, कोणी त्यांच्या आधी येऊन बंद दारापुढे उभं राहू नये म्हणून.